एका पिनेवर टिकलेली मॅराथॉन

मित्रांनो, बेचाळीस किलोमीटरची शर्यत शेवटी कशावर जिंकली जाते, यावर मोठमोठ्या लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. कोणी म्हणतं फुप्फुसांवर, कोणी म्हणतं डोक्यावर, परदेशातले तज्ज्ञ तर बुटाच्या तळव्यावर बोट ठेवतात. हे सगळे चुकतात. ती माझ्यावर जिंकली जाते.

मी एक जुनी सेफ्टी पिन आहे आणि मला वाऱ्याची फार भीती वाटते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तार कापली, वाकवली, एका टोकाला धार लावली आणि दुसऱ्या टोकाला टोपी घातली. म्हणजे एका बाजूने टोचायचं आणि दुसऱ्या बाजूने ते टोचणं लपवायचं, असा माझा स्वभाव बनवण्यात आला. माझ्या बहिणींना ते जमलं. मला मात्र पहिल्या दिवसापासून एकच धास्ती होती, की आपली टोपी सैल आहे. आपण कधीतरी भलत्या वेळी उघडणार.

सुरतेच्या रिंग रोडवर, कापड मार्केटबाहेरच्या फुटपाथवरून मालतीबाईंनी मला घेतलं. मालतीबाई मूळच्या खानदेशातल्या. त्यांचे यजमान निंबा लूमवर कापड विणतात, आणि त्या डिंडोलीतल्या आपल्या घरी साड्यांचं धागाकटिंग करतात. गठ्ठ्याने साड्या येतात, सुटलेले धागे कापायचे, घडी घालून परत द्यायच्या. मी त्यांच्या पदराला लागले. पदराला नसेन तेव्हा त्यांच्या हातातल्या बांगडीला लटकून राहायचं, अशी राहण्याची सोय होती. नोकरीत वरकामही पुष्कळ होतं. परकराची नाडी ओवायला मी, पायातला काटा काढायला मी, बसस्टॉपवर चपलेचा पट्टा तुटला तर तिथेही मीच. त्या चपलेत मी अर्धा दिवस डोळे मिटून काढला. तरी मालतीबाई शेजारणींना सांगायच्या, की ही पिन गुणाची आहे, कधी दगा देत नाही. असं कौतुक झालं की मला घाम फुटायचा. लोखंडाला घाम चांगला नाही.

मालतीबाईंची मुलगी हर्षदा. ही मुलगी धावायची. सुषमा मॅडम तिला शिकवायच्या. त्या स्वतः तरुणपणी लांबच्या शर्यती पळालेल्या, त्यामुळे बोलायच्या कमी आणि शिट्टी फार वाजवायच्या. आमच्या शहरात मोठी मॅराथॉन ठरली आणि असं जाहीर झालं, की भारतीय मुलींमध्ये जी पहिली येईल तिला राष्ट्रीय शिबिरात जागा. घरातही एक गोष्ट ठरली. जागा मिळाली तर हर्षदा शिबिरात जाणार, नाहीतर सोमवारपासून मार्केटमध्ये साड्यांच्या घडीवर कामाला. हे कोणी रागाने ठरवलं नव्हतं. निंबांनी जेवताना हळूच विचारलं, तिने हळूच मान हलवली. त्या दिवसापासून ती रात्री कूस बदलायची आणि बांगडीवर मी.

आदल्या संध्याकाळी छातीवर लावायचा नंबर घरी आला. कागदाचा, पण चांगला जाड. त्याच्या पाठीला वेळ मोजणारी पट्टी चिकटवलेली. चार कोपऱ्यांना चार भोकं आणि सोबत चार चकचकीत नव्या पिना. मला हायसं वाटलं. हे तरुणांचं काम होतं.

पण मालतीबाईंनी हर्षदाचं नवं बनियन हातात घेतलं, उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा पडला. आयुष्यभर कापड हाताळलेली बाई. तलम कापडाला भोक पडलं की धागा सरकतो, पीस डॅमेज होतो आणि डॅमेज पीस परत येतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. कोऱ्या कपड्याला आठ भोकं पाडायची हे त्यांना बघवेना.

"आवढी साडी एक पिनवर दिनभर टिकस," त्या म्हणाल्या. "मंग हाऊ कागद काय पयी जाई का?"

"मम्मी, त्यांनी चार दिल्यात," हर्षदा म्हणाली.

"पिना देवाले काय जास त्यास्नं? बनियन आपलं शे."

एरवी हर्षदाने वाद घातला असता. त्या दिवशी ती भीतीने इतकी गप्प होती, की नंबर पाठीला लावला असता तरी चाललं असतं. मालतीबाईंनी बांगडीवरून मला काढलं आणि नंबराच्या वरच्या कडेला, बरोबर मधोमध, पदराला लावावी तशी लावली. त्या चार नव्या पिना बांगडीत गेल्या.

सकाळी स्टेडियमजवळ सुरुवातीच्या रेषेवर जाकीट काढल्यावर सुषमा मॅडमनी मला पाहिलं. त्यांनी आजूबाजूला दुसरी पिन शोधली, मिळाली नाही; बांगडीतल्या चार पिना मालतीबाईंबरोबर शेवटच्या रेषेवर गेल्या होत्या. मग त्यांनी मला बोटाने दाबून पाहिलं आणि सुस्कारा टाकला. छातीवरचा नंबर पडला तर निकालातून नाव गेलं, असा नियम होता. तो मला तिथेच कळला. त्यांनी हर्षदाला हलक्या आवाजात पुन्हा एकदा समजावलं.

"उज्ज्वलाच्या मागे राहा. वारा तिला फोडू दे. ती मध्येच जोरात पळेल, मध्येच हळू होईल. तुला दमवायला. तू फसू नको. पुलाच्या पलीकडे मी उभी असेन. मी 'आता' म्हटलं की निघ, आधी नाही."

उज्ज्वला म्हणजे देशातली नावाजलेली धावपटू. उंच, शांत, डावपेचात तरबेज. परदेशी पाहुण्या पहिल्याच वळणाला दिसेनाशा झाल्या, त्यांचा हिशेबच वेगळा होता. खरी शर्यत उज्ज्वलाच्या मागे लागलेल्या चार-पाच मुलींची.

मित्रांनो, दुसऱ्याच्या पाठीमागे लपून पळण्याला तज्ज्ञ लोक डावपेच म्हणतात. मी आयुष्यभर तेच करत आले, मला कोणी तज्ज्ञ म्हटलं नाही. पण उज्ज्वलाच्या पाठीमागे खरंच वारा नव्हता. कागद छातीला गप्प चिकटून राहिला. माझ्या मागेच हर्षदाचं काळीज ठोकत होतं आणि प्रत्येक ठोक्याला माझी टोपी किंचित हलत होती. आम्ही दोघी एकाच गोष्टीला घाबरत होतो, फक्त तिला बोलता येत नव्हतं आणि मला बोलून उपयोग नव्हता.

उज्ज्वला मागे वळून बघायची नाही. ऊन पाठीवर होतं, रस्त्यावर पुढे सावल्या पडत होत्या आणि मागे कोण उरलंय ते ती सावल्यांवरून ओळखायची. पाण्याचं टेबल आलं की ती अशी आडवी यायची, की मागचीला बाटली उचलायला चाल मोडावी लागे. एकदा ती सुसाट निघाली, दोघी तिच्यामागे धावल्या, मग ती एकदम हळू झाली. त्या दोघी पुढच्या वळणाला फुटपाथवर बसलेल्या दिसल्या. डुमस रोडवर लोचो खात उभे असलेले काका, ती मागे मागे का राहते म्हणून, हर्षदाला ओरडून विचारत होते, "दोड ने बेन, पाछळ पाछळ शुं करे छे?" डावपेच समजायला पोट रिकामं लागतं.

तापीचा पूल आला तेव्हा दोघीच उरल्या होत्या. आणि तिथे वारा होता.

खाडीकडून आडवा येणारा वारा. आडव्या वाऱ्यात पाठीमागे लपता येत नाही. कागदाची खालची दोन्ही टोकं उडाली आणि नंबर हर्षदाच्या हनुवटीवर आपटला. पुन्हा आपटला. प्रत्येक हिसका माझ्या मानेवर येत होता. खाली नदी दिसत होती, विनाकारण रुंद. मला चप्पल आठवली. मला ती चप्पल हवीशी वाटली.

पुलाच्या मध्यावर माझी टोपी सुटली.

मी ज्याला जन्मभर घाबरले ते झालं आणि व्हायला एक क्षणही लागला नाही. कागद माझ्यावरून सरकू लागला. तेवढ्यात हर्षदाने उजवा हात छातीवर मारला. नंबर तिने धरला, पण मी उघडीच होते. माझं टोक सरळ तिच्या तळव्यात घुसलं. तिने हात काढला नाही. हात काढला असता तर कागद तापीत आणि ती सोमवारी घडीवर. ती तशीच पळत राहिली, एक हात छातीवर, दात आवळून, चेहरा वेडावाकडा.

पुढे पडलेल्या हर्षदाच्या सावलीचा एक हात गायब झालेला पाहून उज्ज्वलाने त्या शर्यतीत पहिल्यांदा मागे वळून पाहिलं.

पूल उतरताच सुषमा मॅडम उभ्या होत्या. 'आता' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना तो हात दिसला. पोरीच्या छातीत कळ आली असं समजून, सगळे डावपेच विसरून त्या रस्त्यावर धावत आल्या.

"थांब! हर्षदा, थांब बाळा, शर्यत गेली खड्ड्यात!"

इतक्या मोठ्याने त्या कधीच बोलल्या नव्हत्या. उज्ज्वलाने ते ऐकलं. मागची संपली, असा तिने अंदाज बांधला. आता उगाच जीव काढण्यात अर्थ नव्हता. तिने खांदे सैल सोडले आणि चाल उतरवली.

हर्षदाला थांबता येत नव्हतं आणि समजावायला श्वास नव्हता. मॅडमच्या बाजूने जाताना तिने फक्त एवढंच म्हटलं, "पिन आहे."

मॅडम जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडून 'आता' निघालं तेव्हा हर्षदा बरीच पुढे गेली होती. उज्ज्वलाच्या शेजारून ती वाऱ्यासारखी नाही, हातात काटा घुसलेल्या माणसासारखी पुढे निघाली. उज्ज्वलाने पुन्हा वेग धरायचा प्रयत्न केला, पण इतक्या लांब पळालेले पाय एकदा सैल सोडले की बोलावल्यावर येत नाहीत. शेवटच्या रेषेवर हर्षदा पुढे होती. नंबर छातीवर होता. त्यावर थोडं रक्तही होतं.

"म्हनं व्हतं ना मी," मालतीबाई तिला कवेत घेत म्हणाल्या, "एक पिन पुरी व्हस." आणि मग त्या इतक्या रडल्या, की पदराला लावलेली नवी पिन सुटून पडली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तज्ज्ञांनी लिहिलं, की छातीत दुखल्याचं सोंग करून प्रतिस्पर्ध्याला गाफील ठेवण्याची ही चाल अत्यंत प्रगल्भ होती. सुषमा मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या की सराव खूप केला होता. हल्ली सकाळी मैदानावर बारकी मुलं छातीला हात लावून पळताना दिसतात. माझं नाव कुठेच आलं नाही.

हर्षदा शिबिरात गेली. पदक भिंतीवर खिळ्याला लागलं. बनियन मालतीबाईंनी धुतलं आणि त्यात दोनच भोकं आहेत, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. मी टिकल्यांच्या डबीत आहे. घामाने आणि तापीच्या हवेने थोडी गंजले आहे, मानेत थोडी वाकले आहे. माझी आता कसलीही अपेक्षा नाही. पण डबी उघडली आणि आत बोटं आली की माझा जीव गोळा होतो. टिकली शोधणाऱ्या बोटांना काय माहीत आत कोण आहे.

मित्रांनो, मला कौतुक नको, काचेची पेटी नको, पॉलिशही नको. त्या दिवसापासून मी उघडीच आहे. कोणीतरी मला जरा बंद करा.