आधी तू सांग

मामाच्या जिभेची चव गेली होती आणि ही गोष्ट तो आणि त्याचे डॉक्टर सोडून कुणालाही माहीत नव्हती. मोठा ताप आला, उतरला, पण जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. आता कॉफी म्हणजे गरम पाणी आणि चॉकलेट म्हणजे मऊ मेण. दुसऱ्या कुणी हे चारचौघांत सांगून टाकलं असतं. पण मामाचं पोटच जिभेवर चालत होतं. शहरातल्या एकेका हॉटेलात जेवायचं आणि रविवारच्या पेपरात त्यावर लिहायचं, हे त्याचं काम. ते वाचून लोक टेबल राखून ठेवत, नाहीतर राखलेलं रद्द करत.

डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. तोवर मामाने मुंगीला हाताशी धरलं.

मुंगी म्हणजे त्याच्या ताईची मुलगी, चौथीतली. जॅमची बाटली कुठेही लपवली तरी ती हुडकून काढायची, म्हणून हे नाव. "चाखायचं कसं, ते तुला शिकवतो," मामा म्हणाला, आणि त्याने खरंच शिकवलं. घास लगेच गिळायचा नाही. डोळे मिटायचे. आधी काय लागलं आणि मागाहून काय उरलं, ते वेगवेगळं सांगायचं.

"छान लागतंय," मुंगी म्हणायची.

"छान तर तुझी रिबीनही आहे. लागतंय कसं?"

मग ती कपाळाला आठ्या घालून शब्द शोधायची. तुरट, उग्र, खमंग, करपट, एकेक शब्द तिच्या तोंडात बसत गेला. मामा दर वेळी म्हणायचा, "आधी तू सांग." तिने सांगितलं की मान डोलवायचा, "बरोबर. मलाही तसंच वाटलं." मुंगीचा चेहरा खुलायचा. वर्गात बाईंना उत्तर आधीच माहीत असतं, तसं मामालाही असणार, असं ती धरून चालली होती.

"पोरगी हल्ली घरच्या जेवणाला नावं ठेवते," ताई कुरकुरायची. "काल म्हणाली, आई, भाजीला खोली नाही. म्हटलं, विहीर खणू का त्यात?"

मामा हसला होता. पण ताईच्या डोळ्यांत बघून नव्हे.

एका जोडप्याने नवीन छोटं हॉटेल काढलं होतं. बायको स्वयंपाकघरात, नवरा टेबलांवर. त्यावरचा मामाचा लेख दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता आणि ऐन वेळी ताईचा फोन आला. "अरे, आज तिला नेऊ नकोस. दाताच्या डॉक्टरांनी औषध भरलंय. तोंड वाकडं करून बसलीय."

"नुसतं सूप पाजतो गं. सूप प्यायला दात कशाला लागतात?" असं म्हणून तो तिला घेऊन गेला.

भाजलेल्या भोपळ्याचं सूप आलं. मुंगीने डोळे मिटले. "कडू," ती म्हणाली. "शेवटी तर करपट कडू." पावाचा तुकडा खाऊन म्हणाली, "हाही कडू." मग पाणी प्यायली. "मामा, पाणीपण कडू!"

"चल, नाटकी," मामा म्हणाला. पण त्याच वेळी त्याच्या मनात आलं होतं, की हे औषधामुळे असेल. आलं आणि त्याने ते बाजूला सारलं. लेख द्यायचा होता.

रविवारी छापून आलं: 'भोपळा भाजायचा होता की जाळायचा, हे स्वयंपाकघराने आधी ठरवावं.' लोकांना वाक्य फार आवडलं. एकमेकांना पाठवून ते हसले. संपादकांनी पाठ थोपटली.

काही आठवड्यांनी त्या हॉटेलातून निरोप आला. 'चूक सुधारली आहे. एकदा येऊन जावं.'

मामा मुंगीला घेऊन गेला. ऐन जेवायची वेळ, पण एकही गिऱ्हाईक नव्हतं. टेबलांवर घडी घातलेले रुमाल तसेच होते. नवरा एकच काटा उचलून पुसत होता, ठेवत होता आणि पुन्हा उचलत होता. त्याने खुर्ची ओढून दिली.

मालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. सुपाच्या दोन वाट्या त्यांनी मामासमोर ठेवल्या, त्याच क्रमाने दोन मुंगीसमोर.

"सर, तुम्ही आलात, बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला तर कडू लागतच नव्हतं हो. मग वाटलं, आपली जीभच बिघडली असेल. मी भाजणंच बंद केलं. आता उकडते आणि वरून साखर घालते. एक जुन्या पद्धतीचं आहे, एक नव्या. कुठलं कुठलं ते सांगत नाही. तुम्ही म्हणाल तेच ठेवीन."

मामाने दोन्ही चाखली. दोन्ही गरम होती. एवढंच.

"हं, मुंगी," तो म्हणाला, "आधी तू सांग."

"नाही. मी मनात ठरवलंय." तिने ओठ घट्ट मिटले आणि हसली. "दर वेळी मीच आधी. आज तू आधी सांग, मग माझी परीक्षा."

मालकीणबाई थांबल्या होत्या. नवऱ्याच्या हातातला काटाही थांबला.

"हे," मामाने डावीकडची वाटी दाखवली. "हे जास्त चांगलं."

मुंगीचं हसू मावळलं. तिने पुन्हा एक चमचा डावीकडचं घेतलं, पुन्हा उजवीकडचं. "पण हे तर नुसतं गोड पाणी आहे," ती पुटपुटली. "उजवीकडचं खमंग लागतं. मला वाटलं... म्हणजे माझं चुकलं." तिचे डोळे भरले. "मला येतच नाही, मामा."

मालकीणबाईंनी मामासमोरची उजवीकडची वाटी उचलली. "म्हणजे भाजायचं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मामाने त्यांच्या हातातली वाटी धरली.

"थांबा," तो म्हणाला. त्याचे कान तापले होते. "मला चव कळत नाही. तापानंतर कळेनाशी झाली. त्या दिवशीही नाही कळली, आजही नाही. हिने सांगितलं तेच मी लिहिलं."

"हिने?" मालकीणबाईंनी मुंगीकडे पाहिलं.

"त्या दिवशी माझ्या दातात औषध होतं," मुंगी घाईघाईने म्हणाली. "मला पाणीपण कडू लागत होतं. मी मामाला सांगितलं होतं."

नवऱ्याने काटा टेबलावर टाकला. "सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," मामा म्हणाला. "येत्या रविवारी हे सगळं छापतो. माझ्या नावानिशी."

"मग तुम्हाला काम कोण देईल?" नवऱ्याने विचारलं.

"कुणी नाही देणार."

मालकीणबाई रागावल्या असत्या तर मामाला बरं वाटलं असतं. "छापा," त्या म्हणाल्या. "पण ते नंतर. आधी या लेकराला सांगा, तिचं बरोबर होतं म्हणून." आणि वाटी परत ठेवून त्या आत गेल्या.

मामा मुंगीकडे वळला. "तुझं बरोबर होतं. आजही."

मुंगीने डोळे पुसले. "मग मी सांगायचे आणि तू बरोबर म्हणायचास... ते तुला माहीतच नसायचं?"

"नसायचं."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

मुंगीने आपल्यासमोरची उजवीकडची वाटी जवळ ओढली आणि डोळे न मिटता ती हळूहळू पिऊ लागली. मामा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. सूप कसं होतं, ते तिने सांगितलं नाही, आणि त्याला विचारवलं नाही.