पलीकडून आलेल्या लिंक

सभागृहात खुर्च्या दीडशे आणि माणसं अडीचशे. समोरच्या पडद्यावर कुठल्याशा अनोळखी वेबसाइटचं पान उघडलेलं होतं आणि त्यावर माझ्या भाचीचं वाक्य होतं: "त्या अजून भिंतीच्या आत आहेत. दिसत नाहीत, पण रस्ता विसरलेल्या नाहीत."

भाचीला जाऊन सात महिने झाले होते. तिची आई, म्हणजे माझी ताई, शेजारी माझं मनगट घट्ट धरून बसली होती. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

"आत्म्याला शरीर नसतं," जोडणीमहाराज म्हणाले, "पत्ता असतो. गेलेलं माणूस पलीकडून आपल्या साइटला लिंक पाठवतं. एकेक लिंक म्हणजे दारावरची टकटक."

हे महाराज पूर्वी दुकानदारांच्या जाहिराती करायचे, मग त्यांना साक्षात्कार झाला. आपल्या साइटकडे कुठून कुठून लिंक येतात, याची यादी कुठल्याही मालकाला फुकट पाहता येते. महाराज ती दिव्यदृष्टीने पाहिल्यासारखी वाचून दाखवत.

भाचीची साइट मुंग्यांची होती. घरातल्या मुंग्या कुठून निघतात आणि कुठे जातात, याच्या नोंदी तिने चार वर्षं लिहिल्या. ती असताना ताईने त्या कधी धड वाचल्या नाहीत. आता मात्र ती दिवसभर लिंकांची यादी उघडून बसायची आणि मला फोन करून सांगायची, आज अकरा वेळा आली रे.

पडद्याला नाक लावून बसायची, कारण तिला काचबिंदू होता. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दोनदा दिली, ताईने दोनदा मोडली. पाहणारं कुणी नसलं की पलीकडचं माणूस यायचं सोडून देतं, असं महाराजांनी तिच्या डोक्यात भरवलं होतं. "डोळ्यांवर पट्टी असताना ती आली तर?" ताई विचारायची. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. लेक गेली होतीच, आता डोळेही जायची वेळ आली होती, आणि मी नुसता चरफडत होतो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई ताईचा त्यातल्या त्यात बरा डोळाच बराच वेळ पाहत बसल्या. मी वैतागून म्हटलं, त्याला काय झालंय?

"बरा डोळा पाहिल्याशिवाय दुसरा किती बिघडलाय हे कसं कळणार?" त्या म्हणाल्या.

माझं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. त्याची साइटही भाचीनेच करून दिली होती. मी घरी येऊन आधी दुकानाच्या साइटची यादी पाहिली. लिंक देणारे नऊ. दुसऱ्या दिवशी चेहरा पाडून महाराजांकडे गेलो आणि नसलेला धाकटा भाऊ गेला असं सांगून दुकानाच्या साइटचा पत्ता नोंदवला. आठ दिवसांत नवाचे दोनशे सोळा झाले. दुपारी दुकानात डुलक्या काढणाऱ्या माणसाला एवढं कोण विचारतं? लिंक देणारी नावंही बरीचशी भाचीच्याच यादीतली होती.

पुढच्या सभेत महाराजांनी माझ्या 'भावाचा' संदेश पडद्यावर लावला: "आत अडकला असाल तर घाबरू नका. मी येतोय."

मागे कुणीतरी हुंदका दिला. महाराजांनी डोळे मिटून घेतले आणि या मायेच्या खोलीत आपण सगळेच कसे अडकलो आहोत, ते समजावून सांगितलं.

मी उठलो आणि पान जरा खाली सरकवा म्हणालो. पलीकडचा संदेश ओढायचा नसतो, असं महाराज म्हणाले. पण पहिल्या रांगेत नवरा गेलेली एक बाई बसत असे, तिने उठून स्वतःच ते सरकवलं. खाली लिहिलं होतं की दार आतून लॉक झाल्यास फोन करावा, आणि नंबर होता. तो तिने मोठ्याने वाचला. ताईला तो तोंडपाठ होता. तिने तो लावला आणि माझ्या खिशात फोन वाजला.

कुणी हसलं नाही. मी फोन उचलला. "ताई, मी गेलेलो नाही गं."

मग चौकशीत कळलेलं सगळं सांगितलं. दुसऱ्यांच्या साइटवरची वाक्यं उचलून खोट्या पानांत कोंबणारे प्रोग्रॅम असतात. ते अशी हजारो पानं करतात, त्यांत लिंक घालतात, आणि त्या लिंक घाऊक विकल्या जातात. लिंक जास्त असल्या की साइट शोधात वर दिसेल, या आशेने जाहिरातवाले त्या घेतात. महाराज नवी नोंदणी झाली की मागवत. भाचीच्या नोंदीतून मुंग्यांचा मथळा गळला होता आणि उरलेलं वाक्य भुतासारखं भटकत होतं.

महाराज मागच्या दाराने निघाले. त्या दाराचं कुलूप अडकतं, त्यामुळे ते बराच वेळ सगळ्यांकडे पाठ करून खटपट करत उभे होते.

मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. पण तसं वाटलं नाही. घरी पोचल्यावर ताई म्हणाली, "म्हणजे ती एकदाही आली नाही."

"नाही."

आपणच भाचीला पुन्हा एकदा तिच्यापासून हिरावून नेलं, असं मला वाटलं.

"मग ते भिंतीचं कुणी लिहिलं?"

"तिनेच. जिवंत असताना."

वाचकहो, रडणाऱ्या माणसाला फसवणं फार सोपं असतं. म्हणून कुणी पलीकडचा निरोप आणला, तर तोच निरोप धडधाकट माणसालाही येतो का, हे एकदा पाहा. बरा डोळाही तपासा. यात गेलेल्याचा अपमान होत नाही.

ताईने ऑपरेशन करून घेतलं. पट्टी असताना मी तिला रोज नोंदी वाचून दाखवत होतो. भिंतीचं वाक्य आलं तेव्हा तिने हात धरून कपाटाजवळ न्यायला सांगितलं आणि तिथल्या भिंतीतल्या भेगेवर बोट ठेवलं.

"इथूनच ना?" तिने विचारलं. "आजची तारीख टाकून ठेव. पट्टी निघाली की पुढचं मी लिहीन."