झडपेवरचा अंगठा

गीझरचा लाल दिवा विझत नव्हता.

माणसं आईला घेऊन स्मशानात गेली होती. परतल्यावर घरात कशालाही न शिवता आधी आंघोळ. म्हणून शेजारच्या शर्मिलाकाकूंनी सकाळीच बटण दाबून ठेवलेलं. बाथरूम धुताना नंदिनीला टाकीतून गुरगुर ऐकू आली. तिनं वाकून पाहिलं.

पाणी तापतं.
तापलं की फुगतं.
फुगलेलं पाणी गार पाण्याच्या नळीवरच्या झडपेतून थेंब थेंब बाहेर पडतं.
पडायलाच हवं.

आईला ती टपटप खपायची नाही. "पाणी वाया जातंय," म्हणायची. झडपेचं तोंड तिनं राखाडी लांबीनं, फटी बुजवायच्या लगद्यानं, लिंपलेलं. लांबीवर तिच्या अंगठ्याचा ठसा. रेषा न् रेषा.

नंदिनीनं मेन स्विच पाडला.

दारात स्मशानातून परतलेले दत्तूकाका. "गरम आहे ना गं?"

"गारच घ्या, काका. गीझरला हात नका लावू, टाकी फुटेल."

बाबा शेवटी आले. गार पाण्याखाली एकदाच खोकले.

*

दुसऱ्या दिवशी टाकी गार झाल्यावर मेकॅनिक आला. दिवा विझत नव्हता, कारण थर्मोस्टॅट अडकलेला. तो त्यानं बदलला. मग झडपेपाशी थांबला. लांबी नटावरही चढली होती. फोडल्याशिवाय पाना बसत नव्हता.

"हात लावायचा नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, हे बंद ठेवून गीझर लावता येणार नाही."

"नाही लावणार."

"आणि तुमचा दमा? मी पुण्याला गेल्यावर?"

"अंगठा आहे तिचा तो. बाकी सगळं काल मीच पेटवून आलो."

मेकॅनिक पाना घेऊन बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिला.

नंदिनी खाली ओल्या फरशीवरच बसली. "बाबा, यानं टाकी फुटते हे तिला कळलं असतं ना, तर तिनंच खरवडून काढलं असतं. तुम्ही आंघोळीला जायच्या आधी."

बाबा झडपेपाशी वाकले.

"स्क्रू-ड्रायव्हर दे."

आधी कड निघाली.
मग रेषा.
मग सगळंच.

तुकडे त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले. मेकॅनिकनं नवी झडप बसवली, बटण दाबलं. दिवा लागला, यथावकाश विझलाही. बाबा दारातच स्टुलावर बसून होते.

टप.

"पाणी वाया जातंय," बाबा म्हणाले.

नंदिनीनं बादली खाली सरकवली.