दुसरी खाच

जावयाला गाडीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवता येत नव्हते, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. टायरच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्याने इतक्या वर्षांत इतकं ऐकलं होतं, की गाडीबद्दल बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, हा इंजिनातच जन्मला. हाताला मात्र ग्रीस लागायचं ते गिऱ्हाइकाशी हात मिळवताना.

सासऱ्यांचा काचेचा धंदा. पिकअपवर केबिनला लागून नवा लोखंडी स्टँड बसवला, तेव्हापासून गाडीचं नाक खाली गेलं होतं. ब्रेक मारला की काचा पुढे सरकायच्या. सासऱ्यांचे गुडघे गेलेले, गाडी थोरली मुलगी चालवायची. थोरली म्हणजे याची बायको. सोमवारी एका शोरूमच्या मोठाल्या काचा पोचवायच्या होत्या. त्या धड पोचल्या, तर पोचवण्याचं सगळं काम कायमचं तिच्या हाती; नाहीतर पुतण्या स्वतःचा टेम्पो घेऊन टपूनच बसला होता. सासरे तसं सगळ्यांसमोर बोलले होते.

"पुढचे शॉक बदलू. लेव्हलिंगचे," जावई म्हणाला. "नाक वर येईल. गॅरेज कशाला, मी आहे ना घरचा!"

थोरली किती हरखली! तिने शॉकबरोबर आलेला कागद दोनदा वाचला, टेप घेऊन दोन्ही चाकांवरची उंची मोजली आणि सांगितलं, "चार खाचा आहेत. रिंग जितकी वर, तितकी गाडी वर. आपल्याला वरून दुसऱ्या खाचेत. दोन्हीकडे. आणि खालचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरल्यावरच पक्के आवळायचे, नाहीतर रबरी बुश पिळवटतात."

"बरं मास्तरीणबाई."

रविवारी काचेच्या दुकानामागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. उजवीकडचा शॉक नीट बसला, कारण थोरली शेजारी उभी होती. डावीकडचा व्हाइसच्या पकडीत धरला आणि सासऱ्यांनी तिला औषधासाठी आत हाक मारली. ती गेली. आता हा शहाणा काय करतो? खिशातून मोबाइल काढतो. टायरच्या दुकानातल्या पोरांना फोटो पाठवायचा होता, हा बघा तुमचा काउंटरवाला. पण शॉकवरची अक्षरं उलटी दिसत होती. म्हणून त्याने शॉकच उलटा करून व्हाइसमध्ये धरला. फोटो झकास आला. मग त्याच धुंदीत वरून दुसरी खाच मोजली आणि रिंग बसवली. उलट्या शॉकची वरून दुसरी म्हणजे सुलट्याची तिसरी, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. शॉक सुलटा केल्यावर रिंगवर वाटी बसली, वाटीवर स्प्रिंग बसली, चूक झाकली गेली.

थोरली परत आली. "दुसरीच ना?"

"अगं हो! मला शिकवतेस?"

सोमवारी सकाळी सासरे काठी टेकत बाहेर आले आणि गाडीकडे बघून थबकले. जन्मभर काच उभी करणारा माणूस. त्यांनी लेव्हलची पट्टी मागवली आणि बॉनेटवर आडवी ठेवली. बुडबुडा सरकत उजव्या टोकाला जाऊन बसला. गाडी डावीकडे कलली होती.

काच कापणारा कारागीर, ज्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे, लांबूनच ओरडला, "भाऊजी, गाडी कुणाला डोळा मारतीये?" शेडमधले सगळे खो खो हसले.

जावयाला त्याच क्षणी कळलं. फोटो, उलटा शॉक, रिंग.

"खाच कुणी ठरवली?" सासऱ्यांनी विचारलं.

तोंड उघडलं तेव्हा त्याला खरं बोलायचं होतं की नाही, देव जाणे. बाहेर पडलं ते असं: "हिने सांगितली तीच लावली, बाबा."

वरून दुसरीच लावली होती, तेवढ्यापुरता शब्द न् शब्द खरा होता. इतकं नीच खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता.

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तरी चाललं असतं. तिने विश्वासाने पाहिलं. "मग माझंच चुकलं असेल, बाबा," ती म्हणाली.

सासऱ्यांनी हात पुढे केला. तिने किल्ली त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी पुतण्याला फोन लावला. पुतण्या आला, शीळ घालत काचा आपल्या टेम्पोत चढवल्या आणि गेला. या सगळ्या वेळात जावई सांडलेलं ग्रीस पुसत होता. पुसून झालेली जागा परत पुसत होता. बोलायला काय लागत होतं? एक वाक्य. ते तो बोलत नव्हता, कारण फूटपट्टी तिथेच उभा होता. बायकोचं काम गेलं तरी चालेल, पण फूटपट्टीने हसू नये. माणूस एवढ्यावर येतो.

थोरली कागद घेऊन बाकावर बसली होती. "अरे, मी दुसरी म्हणाले होते की तिसरी?" तिने हळूच विचारलं. "मला दुसरी म्हटल्यासारखं वाटतंय. पण आता खात्रीच वाटेना. असं कसं रे विसरले मी?" डोळे पुसले आणि परत कागदात डोकं घातलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. "दुसरीच म्हणालीस," तो म्हणाला. "मी शॉक उलटा धरला होता. फोटोसाठी."

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "मला काय सांगतोस? बाबांना सांग."

सासरे कापायच्या टेबलापाशी होते. फूटपट्टीही होता, दोघे कारागीरही होते. जावयाने सगळं सांगितलं, अक्षरं सरळ यावीत म्हणून काय केलं तेही. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"कधी कळलं तुम्हाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"बुडबुडा सरकला तेव्हाच."

"म्हणजे तिने किल्ली दिली, तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

"ती तिकडे रडत होती, तेव्हाही?"

"हो, बाबा."

सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "गाडी तिचीच. जा, द्या तिला. आजचं काम मात्र गेलं. ते गिऱ्हाईक आता पुतण्यालाच बोलावणार." आणि पाठ फिरवून ते काच पुसू लागले.

थोरलीने किल्ली घेतली, कमरेला खोचली आणि जॅक ओढला. डावा शॉक परत निघाला. स्प्रिंग दाबून धरायचे क्लॅम्प तिनेच लावले. बोट ठेवून तिने खाचा मोजल्या, मोठ्याने, आणि रिंग बसवली. ती सांगेल ते तो धरत होता, ती देईल ते घेत होता. तिने शिवी दिली नाही, टोमणा मारला नाही. नवऱ्याशी नाही, नव्या नोकराशी बोलावं तसं बोलली.

गाडी जमिनीवर उतरली. खालचे बोल्ट त्याने आवळले, जीव खाऊन आवळले. निदान एवढं तरी.

"आवळलास?" तिने विचारलं.

"हो. पक्के."

ती गुडघ्यावर बसली, त्याच्या हातातून पाना घेतला आणि एकेका बोल्टला लावून पाहिला. बोल्ट तसूभरही हलले नाहीत. तरी तिने सगळे तपासले.