कधी न विझणारा दिवा

सवेताच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. कडाक्याच्या थंडीत कानटोप्या घालून आले होते सगळे. अक्कल तेवढी घरी चुलीपाशी ठेवून. मधोमध सवेताची जुनी मोटार, आणि तिच्यापुढे पाम्फिल. कालपरवापर्यंत हा गुरांचा दलाल. आता गावाची दृष्ट काढतो.

त्यानं निखारा पाण्याच्या वाटीत टाकला. चुर्र झालं, निखारा बुडाला. बुडाला म्हणजे दृष्ट लागलेली, असा समज.

"बघितलंत? हिरव्या डोळ्यांची नजर आहे," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

गावात हिरवे डोळे माझेच. त्यात मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे गुन्हे दोन झाले. बायका थू थू करून मागे सरल्या.

मोटारीची बॅटरी टिकत नव्हती. सवेताचा नवरा इलारिये, त्याची मूत्रपिंडं निकामी. डायलिसिसला एक दिवसाआड क्रायोवा शहरातल्या इस्पितळात न्यावं लागतं. गेल्या खेपेला गाडी सुरूच झाली नाही आणि माणूस सुजून, धापा टाकत पडून राहिला. उद्या पुन्हा जायचं होतं.

महिन्यापूर्वी पाम्फिलनंच गाडीत संताची तसबीर बसवली होती, पुढे लाल दिवा. तसबिरीपुढचा दिवा विझू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून दिव्याची तार थेट बॅटरीला.

"दिवा मंदावलाय. दृष्ट जबरी आहे," पाम्फिल म्हणाला. "आता दुसरा दिवा लावू. आणि गाडी रात्रभर माझ्या गोठ्यात, प्रार्थनेला. मागे दोनदा गोठ्यात ठेवल्यावर सुरू झाली ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. नंदीबैल परवडले.

मी शाळेतला मीटर घेऊन पुढे झाले. सवेता आडवी आली. "बाई, पाया पडते, हात लावू नका. इलारियेचं काही बरंवाईट झालं तर?"

"लावू दे गं," खुर्चीतून इलारिये म्हणाला. "मरायचंच आहे तर कशानं मरतोय ते तरी कळू दे."

चावी काढली, दारं लावली, मीटर बॅटरीला जोडला. बंद गाडीतूनही वीज जात होती. एकेक फ्यूज काढत गेले, काटा खाली येईना. म्हणजे चोर फ्यूजच्या अलीकडे, थेट बॅटरीला चिकटलेला. मी लाल दिव्याची तार सोडवली. काटा शून्यावर आला.

"दिवा विझवला हिनं," पाम्फिल ओरडला.

"तुझा दिवा रात्रंदिवस बॅटरी पीत होता. बॅटरी संपत आली की तो मंदावणारच. आणि वर दुसरा लावतोस?" मी म्हटलं. "चला, गोठ्यातली प्रार्थनाही बघू."

प्रार्थना गोठ्याच्या दाराआड गोणपाटाखाली होती: बॅटरीचा चार्जर. सवेतानं गोणपाट उचलून पाम्फिलपुढे टाकलं. "गेल्या खेपेला माझा माणूस मेला असता रे," एवढंच म्हणाली. तो वाटी घेऊन सटकला.

त्याच्याच चार्जरवर गाडी रात्रभर ठेवली, प्रार्थनेविना. सकाळी सवेतानं डोळे मिटून चावी फिरवली, आणि गाडी सुरू झाली. त्यानंतर इलारियेची एकही खेप चुकलेली नाही.

तरी लोक म्हणतातच, दिव्याचा काही गुण उरला असेल. काय बोलावं यांच्यापुढे? देवापुढे दिवा लावा, जरूर लावा, घरात, तेलाचा. पण बॅटरी उतरली तर आधी तार बघा, बायाबापड्यांचे डोळे नंतर.