दोन बोटं खाली

मी एक जुना ठोक्या आहे. हे नाव कारखान्यात ठेवलेलं नाही. माझ्या पाठीवरच्या पट्टीवर जे नाव छापलंय ते इतकं लांबलचक आहे, की वाचताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी माझा आवाज ऐकला, पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, "हा तर नुसता ठोक्या आहे." तेव्हापासून मी ठोक्याच.

मित्रांनो, माझा धंदाच मुळी लोकांना ठोके देण्याचा. घाबरू नका, मारकुटा नाही मी. माझ्या पोटात हवा दाबून भरणारा एक पंप आहे. त्यातून एक नळी निघते आणि हातात मावेल अशा एका दांड्यापर्यंत जाते. दांड्यात धातूची छोटी गोळी. हवा तिला मागून ढकलते, ती सुसाट पुढे येते आणि टोकावर आपटते. तो धक्का कातडीतून आत शिरतो आणि स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीपर्यंत पोचतो. त्या दोरीला कंडरा म्हणतात. कंडरा दुखावली की शरीर तिची डागडुजी सुरू करतं, पण कधी कधी काम अर्ध्यावर सोडून देतं. रस्ता खणून ठेवावा आणि कामगारांनी निघून जावं, तसं. मग ते दुखणं महिनोन् महिने मुक्काम ठोकतं. मी ठोके देऊन त्या कामगारांना परत बोलावतो, असं आमच्या मॅडम सांगतात. नेमकं कसं, यावर शहाणी माणसं अजून वाद घालतात. मी वादात पडत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक चष्मेवाला तपासनीस होता. रबराच्या लादीवर मला चालवून तो डोळे मिटून आवाज ऐकायचा. एखादा ठोका जरी हलका पडला तरी मला परत खोलायचा. तेव्हा मला त्याचा भारी राग यायचा. आज वाटतं, त्याच्यासारखा कान सगळ्यांना मिळावा. त्याने एकदाची मान हलवली आणि मी स्पंजाच्या खोक्यात बसून प्रवासाला निघालो.

खोकं उघडलं ते मॅडमच्या दवाखान्यात. मॅडम फिजिओथेरपिस्ट. एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेर बाकडं, आत पडदा, पडद्यामागे उंच पलंग आणि खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. माझा आवाज खाली जायचा. खालच्या दुकानातले चष्मेवाले काका जिना चढून आले आणि गिऱ्हाईक अक्षरं वाचताना दचकतं अशी तक्रार करून गेले. पुढच्या महिन्यात त्यांचीच टाच दुखायला लागली आणि तक्रार बंद झाली.

सुरुवातीला लोक मला बघून पाय ओढून घ्यायचे. हे भिंतीला भोक पाडायचं मशीन तर नाही ना, असं एका आजोबांनी विचारलं होतं. सकाळी अंथरुणातून उठताना त्यांना भिंत धरल्याशिवाय पहिलं पाऊल टाकता येत नव्हतं. काही आठवड्यांनी ते जिना चढून आले ते मॅडमना फक्त एवढंच सांगायला, की आज भिंत धरली नाही. मित्रांनो, माझी कॉलर असती तर मी ताठ केली असती. पण खरं सांगायला हवं. सगळ्यांनाच मी बरं केलं नाही. एका स्वयंपाक्याचा खांदा माझ्याने बधला नाही, त्याला शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. आणि जे बरे झाले त्यांत अर्धं श्रेय मॅडमच्या व्यायामाचं. उगीच बढाया मारून काय उपयोग?

मॅडमचं मला फार कौतुक वाटतं. त्या मला कधी घाईने उचलत नाहीत. आधी अंगठ्याने दाबत दाबत दुखरी जागा शोधतात, तिथे थंडगार जेल लावतात, मग मला टेकवतात आणि सारख्या विचारत राहतात. इथे? की इथे? किती दुखतंय? मुद्दाम भूल देत नाहीत, कारण माणसाचं उत्तर हाच आमचा दिवा. उत्तर चुकलं की आम्ही अंधारात.

एके दिवशी पलंगावर एक ताई येऊन बसल्या. त्यांचा उजवा कोपर दुखत होता. त्या दुभाषी होत्या, खुणांच्या भाषेच्या. ज्यांना ऐकू येत नाही अशा लोकांचं बोलणं दवाखान्यात, कोर्टात, शाळेत तोंडाने बोलून दाखवायचं आणि समोरच्याचं बोलणं हातांनी सांगायचं, हे त्यांचं काम. दिवसभर हात हवेत. घरीही तेच, कारण त्यांचे थोरले भाऊ जन्मापासून बहिरे. ताई त्यांना दादा म्हणायच्या. आईवडील गेल्यापासून घरात दोघंच.

त्यांच्या कामाचा एक कडक नियम होता, तो त्यांनी मॅडमना अभिमानाने सांगितला. समोरचा जे बोलेल ते जसंच्या तसं पोचवायचं. शिवी दिली तर शिवी. आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि त्याचं काही गाळायचं नाही.

दुसऱ्यांचं बोलणं इतकं चोख सांगणाऱ्या या ताई स्वतःबद्दल मात्र एकच शब्द बोलायच्या, "चालेल." मॅडमनी कोपराच्या हाडाजवळ दाबलं, तिथे दुखतं म्हणाल्या. जरा खाली दाबलं. "चालेल." मी जोर वाढवला. "चालेल." मॅडमनी हाडाजवळची जागा पक्की केली आणि मी तिथे इमानेइतबारे ठोकत राहिलो. आठवड्यामागून आठवडा गेला. कोपर तसाच. मॅडम विचारात पडल्या आणि मला माझ्या गोळीबद्दल शंका यायला लागली.

खरं काय होतं ते तेव्हा ताईंनाच ठाऊक, आम्हाला मागाहून कळलं. दुखणं फार आहे असं सांगितलं तर मॅडम हात बंद ठेवायला सांगतील, ही त्यांना भीती. कामावरून सुट्टी घेता आली असती हो. पण दादाशी कोण बोलणार? म्हणून त्या सोसत होत्या आणि घरी दिसू नये म्हणून हात कमी हलवत होत्या. मोठ्या खुणा लहान झाल्या. लांब गप्पांची हो-नाही झाली. बिचाऱ्या दादांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं, म्हणून ही आपल्याशी धड बोलत नाही. आणि वर दर आठवड्याला ठरल्या वेळी न सांगता कुठेतरी जाते. मग त्यांना वाटलं, हिला काहीतरी मोठा आजार आहे.

एक दिवस ताईंचा हात उशीवर होता आणि माझं काम चालू होतं. तेवढ्यात पडदा सरकला. आत एक धिप्पाड माणूस. केसांत पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, मनगटावर निळे. दादा घरांना रंग द्यायचे. ते बहिणीच्या मागोमाग जिना चढून आले होते आणि रागाने लाल झाले होते. त्यांनी हातवारे करून काहीतरी विचारलं. ताईंचा उजवा हात माझ्याखाली अडकलेला. त्यांनी डाव्या हाताने कसंबसं तुटक उत्तर दिलं.

दादा जवळ आले. माझा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, पण त्यांनी पलंगाच्या कडेवर तळहात ठेवला आणि माझे ठोके त्यांच्या हातात गेले. मग ते बराच वेळ बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आणि एकदम त्यांचे हात भराभर चालायला लागले.

मॅडमनी मला थांबवलं. "काय म्हणतायत ते?"

ताईंनी नजर भिंतीकडे वळवली. मॅडमनी पुन्हा विचारलं. दादा हाताची घडी घालून उभे होते. आपलं बोलणं पोचतंय की नाही, हे बघत. मित्रांनो, त्या बाईची तेव्हाची अवस्था मी विसरणार नाही. इतकी वर्षं पाळलेला नियम एकीकडे आणि लपवलेलं दुखणं दुसरीकडे. शेवटी नियम जिंकला. भिंतीकडे बघत, कोर्टात बोलावं तशा सपाट आवाजात त्या बोलल्या.

"तो म्हणतोय, ही खोटं बोलतेय. तिथे नाही, दोन बोटं खाली दुखतंय तिला. किटली उचलताना ती तिथेच धरते." त्या थांबल्या. दादांनी पुढे बोलायची खूण केली. "तो म्हणतोय, मी लहानपणापासून हिचे हात बघतोय. ही हल्ली पुटपुटते. मला वाटलं, माझा कंटाळा आला."

आणि मग ताई रडल्या. ते मात्र दादांचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं.

मॅडमनी दोन बोटं खाली अंगठा टेकवला आणि ताईंची पावलं आखडली. या वेळी त्यांनी "चालेल" म्हटलं नाही. दुखतंय म्हणाल्या, फार दुखतंय, उन्हाळ्यापासून दुखतंय. मॅडम रागावल्या नाहीत. तुमच्या शब्दावर विसंबले, पावलांकडे बघायला हवं होतं, एवढंच म्हणाल्या. हात अजिबात बंद ठेवायचा नाही, फक्त थोडा कमी वापरायचा आणि पाण्याची बाटली हातात घेऊन ती हळूहळू खाली न्यायचा व्यायाम रोज करायचा, असं त्यांनी सांगितलं. ज्या भीतीपायी एवढं सोसलं, ती भीतीच पोकळ निघाली. मग मॅडमनी माझा जोर उतरवला आणि नव्या जागी मला टेकवलं. मी त्या दिवसाइतकं जपून कधीच ठोकलं नसेल.

त्या काळात घरी दादांनी फर्मान काढलं, तू गप्प बस, मी बोलतो. ताई मॅडमना हसत सांगायच्या, "इतकं बोलतो की माझे डोळे दुखायला लागलेत." हळूहळू कोपर सैल झाला. लगेच नाही, ऋतू पालटला तेव्हा कुठे. एका दुपारी दोघं खालच्या फुटपाथवर कडाक्याचं भांडत होती. ताईंचे हात पार डोक्याच्या वर. मॅडम खिडकीतून बघत राहिल्या, आणि टॉवेल तसेच त्यांच्या हातात राहिले.

पुढे माझे दिवस फिरले. दवाखान्यात नवं यंत्र आलं, गुळगुळीत, काचेच्या पडद्याचं, आवाज जवळजवळ नाहीच. चष्मेवाले काका खूश. माझ्यावर जुनी चादर पडली आणि मी कोपऱ्यात टॉवेलांचा ढीग सांभाळू लागलो. नळी कडक झाली. गोळी झिजली. मावशी तेवढ्या आठवणीने धूळ झटकायच्या आणि म्हणायच्या, काय रे ठोक्या, गप्पसा. नव्याचा मला हेवा वाटला, हे कबूल करतो. पण तोही कुणाचं तरी पहिलं पाऊल सोपं करत होता. वाईट कसं म्हणू?

मग मागच्या महिन्यात ओळखीची पावलं जिन्यावर वाजली. दादा आले, सोबत ताई. छतांना रंग देऊन देऊन दादांचा खांदा धरला होता, हात डोक्याच्या वर जात नव्हता. रंगाऱ्याचा हात वर गेला नाही तर त्याने खायचं काय, आणि त्यांच्या घरात तर अर्ध्या खुणा खांद्यातून निघतात. मॅडमनी नवं यंत्र सुरू केलं. दादांनी त्यावर तळहात ठेवला, नाक मुरडलं आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मॅडम हसल्या. त्यांनी दादांना पुढच्या आठवड्यात बोलावलं, तोवर माझी नळी बदलली, नवी गोळी घातली, चादर काढली. पुन्हा हवा भरली तेव्हा मला माझाच आवाज ओळखू येईना.

दादा पलंगावर बसले. एक हात खाली सोडलेला, दुसऱ्याचा तळवा माझ्या पाठीवर. मॅडमनी जेल लावलं, माझा दांडा खांद्यावर टेकवला आणि विचारलं, दुखतंय का? दादांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी माझ्यावरचा हात उचलून एक छोटीशी खूण केली.

मॅडमनी ताईंकडे पाहिलं. ताई भावाकडे बघत होत्या.

"तो म्हणतोय, चालेल," त्या म्हणाल्या. मग आयुष्यभराचा नियम त्यांनी पहिल्यांदा मोडला. "आणि आता माझ्या पदरचं सांगते. नाही चालणार. जोर कमी करा आणि जरा मागे घ्या."

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला नळी बदलून मिळाली, एवढ्यावर मी खूश आहे. तुमच्या कंडरा मात्र बाजारात मिळत नाहीत. म्हणून कुणी मायेने विचारलं, कुठे दुखतंय, तर चालेल म्हणू नका. बोट ठेवून दाखवा.