दादांची ओळ

“द्राक्षाच्या या ओळीला औषधाचा थेंब लागता कामा नये, शशिकला. वाळली तर वाळू दे. तीन हंगाम. मला शब्द दे.”

सासऱ्यांचा, दादांचा, तो आवाज कानात असतानाच शशिकलाने वेलीचं पान उलटलं. पालथ्या अंगालाही निळसर पांढरे ठिपके होते. शेजारच्या वेलीवर, त्यापुढच्या वेलीवर, तेच. मोरचूद आणि चुन्याची फवारणी. ओळीच्या टोकाच्या खांबाला कुणीतरी झेंडूचा हार घातला होता, त्याच्या बुडाशी उदबत्तीची राख.

पूजा होईपर्यंत बोलायचं नाही, हा तिचा रोजचा नेम. ती फुलांची परडी घेऊन घरी आली. चंदन इतक्या जोरात उगाळलं की सहाण पाटावरून सरकली. आरती झाली, तीर्थ घेतलं, आणि मग ती मुलाला म्हणाली,

“शंतनू, गटातल्या सगळ्यांना बोलाव. वायनरीतल्या कृतिकालाही.”

दुपारी नालछा रस्त्यावरच्या त्यांच्या मळ्यात सगळे जमले. गट दादांनीच बांधला होता. धारपासून देवासपर्यंतच्या बागायतदारांनी आपापल्या बागेत वेगवेगळ्या अंतराने फवारायचं, कृतिकाने प्रत्येकाची वाइन वेगळी करायची, आणि सगळ्यांची तुलना या एका न फवारलेल्या ओळीशी करायची. औषध खरोखर किती लागतं, एवढंच दादांना जाणून घ्यायचं होतं. दोन हंगामांत दिसलं की निम्म्या फवारण्या उगाचच होत्या. तिसऱ्या हंगामातही तसंच दिसलं तरच ते खरं मानायचं ठरलं होतं. त्याआधी, उन्हाळ्यात, दादा गेले.

“ओळीवर औषध कुणी मारलं?” शशिकलाने हळूच विचारलं.

“माझा तर फवारणीचा ब्लोअरच दिवाळीपासून बंद पडलाय, भिया,” गटातला अंबरीश इंदुरी ढंगात म्हणाला.

शिवाजीरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दादांचे ते जुने स्नेही; बांधाला बांध.

“सूनबाई, मी. तू ओंकारेश्वरला गेली होतीस. डाऊनीची बुरशी आली होती, पानं पिवळी पडत होती. माझ्या मित्रानं स्वतःच्या हातानं लावलेली ओळ. ती डोळ्यांदेखत मरू कशी देऊ?”

“आणि हार?”

“त्यांची आठवण म्हणून.”

शशिकला उठली. खांबाजवळ जाऊन तिने हार ओढला. दोरा तुटला, झेंडू मातीत पसरले.

“दादांना हार घातलात आणि त्यांनी विचारलेला प्रश्न पुसून टाकलात.”

“रागावू नकोस, सूनबाई. श्रद्धेनं केलं.”

“श्रद्धा मला शिकवू नका, काका.”

तिचा आवाज चढला नव्हता. तरीही शंतनूने सरबताचा ट्रे तसाच खाली ठेवला. थोरल्या माणसाशी आई असं बोललेली त्याने कधी ऐकली नव्हती.

“काकू,” कृतिका चाचरत म्हणाली, “आता तुलना कशाशी करू? दोन सालची मेहनत बेकार जाईल. दुसरी कुठली वेल आहे का, बिना फवारणीची? जात हीच हवी, माती हीच. थोडी असली तरी चलेगी. छोट्या बरणीतपण वाइन बनते.”

“औषधाशिवाय द्राक्ष? या वर्षी?” अंबरीश म्हणाला. “देवाच्या घरीच मिळेल, मॅडम.”

शशिकलाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिची नजर विहिरीकडे गेली.

“उद्या सकाळी या, कृतिका,” ती म्हणाली. “पूजेनंतर.”

माणसं पांगली. शिवाजीराव मात्र थांबून राहिले.

“मी काय करू आता?”

तिने एक निळं पान तोडून त्यांच्या हातावर ठेवलं.

“हे घरी न्या. आठवण हवी होती ना.”

शिवाजीराव पान घेऊन गेले.

ती देवघरात आली. खिडकीतून विहिरीमागचा द्राक्षांचा छोटा मांडव दिसत होता. ती लग्न होऊन आली त्या वर्षी दादांनी याच जातीच्या काड्या तिथे लावून दिल्या होत्या, तिच्या बाळकृष्णासाठी. देवाच्या द्राक्षांवर औषध नको म्हणून तिथे कधीच फवारा गेला नव्हता. त्यातला मणी नैवेद्याआधी तिने पोटच्या पोरालाही तोडू दिला नव्हता. आणि त्याची वाइन करायची?

बाळकृष्णासमोर ती उभी राहिली. हात जोडले, पण मागितलं काहीच नाही. मग साखरेचा डबा उघडला, वाटी भरली आणि रोज फळं ठेवायची त्या जागी ठेवली.

“यंदा एवढंच,” ती म्हणाली.

मग ती परत दादांच्या ओळीपाशी गेली. तिथे फवारायचं नाही या खुणेची पांढरी पट्टी बांधलेली होती. तिने गाठ नखांनी सोडवली, पट्टी झटकली, घडी घालून मुठीत धरली.

“आई, कुठे निघालीस?” शंतनूने विचारलं.

ती विहिरीमागच्या मांडवाच्या दिशेने चालू लागली होती.